विज्ञान सारखं बोलणं बदलतं, मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत विज्ञानावर बोलायला गेलं की भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतून ठरलेले प्रश्न येतात. मागच्या रांगेतले प्रश्न जास्त चांगले असतात, पण ते सभागृहात कुणी विचारत नाही, बाहेर चहाच्या टपरीवर विचारतात. दोन्हींची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. क्रमाला काही अर्थ नाही, आपल्याला हवा तो प्रश्न आधी वाचावा.

काल एक सांगतात, आज दुसरंच. मग विश्वास ठेवायचा कशावर बे?

बोलणं का बदललं याचा हिशेब मागितला तर जो दाखवू शकतो, त्याच्यावर.

अल्सरचं उदाहरण घेऊ. शेंगाचटणीच्या गावात ते लवकर पटतं. १९८० च्या सुमारास जगभरचे डॉक्टर सांगत होते की तिखट, टेन्शन आणि वाढलेलं आम्ल यांच्यामुळे जठरात व्रण होतात. तिखट बंद करा, दूध प्या, गोळ्या वर्षानुवर्षं घ्या. फारच झालं तर ऑपरेशन. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठरातला एक मळसूत्री जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. जठरातल्या आम्लात जिवाणू टिकूच शकत नाहीत असं तेव्हा सगळे धरून चालले होते, त्यामुळे या दोघांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. वैतागून १९८४ मध्ये मार्शल तो जिवाणू घातलेलं पाणी स्वतः प्यायला. काही दिवसांत त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज दिसली.

गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथंच थांबतात. पण एका माणसाच्या धाडसावर वैद्यकशास्त्र बदललं नाही आणि बदलायलाही नको होतं. पुढची दहाएक वर्षं वेगवेगळ्या देशांत रुग्णांना अँटिबायोटिक देऊन पाहिलं गेलं. जिवाणू गेला की व्रण पुन्हा होत नाही, हे परत परत दिसलं, तेव्हा उपचार बदलले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पेनकिलर गोळ्या सतत खाण्यानेही अल्सर होतो, हेही या काळात नीट मांडलं गेलं. तिखटाने आधीच्या जखमेची आग वाढते, पण जखम तिखट करत नाही.

आता उलट विचार करा. 'तिखटाने अल्सर होतो' हे वाक्य एखाद्या पोथीत असतं आणि त्यावर शंका घेणं पाप ठरलं असतं, तर आजही कुणाचा तरी मामा दूधभातावर दिवस काढत असता. डॉक्टरांचं म्हणणं मागे पडलं, त्यात फायदा रुग्णाचा झाला.

म्हणजे आज सांगतात तेही उद्या खोटं ठरणार. मग थांबून बघितलेलं काय वाईट?

सगळं सारख्या प्रमाणात बदलत नाही. मलेरिया डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला, म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे, डासाच्या पोटात परजीवी पाहून दाखवलं. उद्या कुणी उठून 'खराब हवेनेच मलेरिया होतो' असं सिद्ध करेल याची वाट बघत मच्छरदाणी गुंडाळून ठेवायची का?

शिवाय मोठे बदल होतात तेव्हाही जुनं बहुतेक वेळा आत शिल्लक राहतं. बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा शतकाला ४३ विकला जास्त सरकते, म्हणजे एका अंशाच्या साधारण ८४ व्या भागाएवढी. एवढ्याशा फरकासाठी शास्त्रज्ञ १८५९ पासून अस्वस्थ होते. १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या सिद्धांतातून तो फरक आपोआप बाहेर पडला. म्हणून न्यूटन रद्दीत गेला का? २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान ३ चंद्रावर उतरलं, ते मुख्यतः न्यूटनच्याच नियमांवर. मोबाइलमधल्या जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं मात्र आइनस्टाइनचा हिशेब धरला नाही तर दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि नकाशावर आपण भलत्याच गावात दिसायला लागू.

पृथ्वीच्या वयाचंही तसंच झालं. १८६२ मध्ये लॉर्ड केल्विनने, तापलेली पृथ्वी निवायला किती काळ लागला असेल यावरून, ते २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढलं. त्याच्या बेरजा-गुणाकारांत खोट नव्हती, पण किरणोत्सर्ग तेव्हा कुणाला माहीत नव्हता आणि पृथ्वीच्या पोटातला पदार्थ हळूहळू फिरत उष्णता वर आणतो हेही त्याने धरलं नव्हतं. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसनने उल्कांमधलं शिसं मोजून ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला. तो सत्तर वर्षांत फारसा हललेला नाही.

दख्खनचं पठार स्थिर आहे म्हणत होते ना? मग किल्लारीचा भूकंप कसा झाला?

या प्रश्नाला हॉलमध्ये शांतता होते, कारण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापुरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवते. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, चारला काही मिनिटं कमी होती. इथं भांडी पडली, लोक रस्त्यावर आले. किल्लारी आणि सास्तूर भागात हजारो माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली.

होय, द्वीपकल्पाचा हा भाग जवळजवळ स्थिर आहे असं मानलं जात होतं. भारताच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होतं. त्याच्या आदल्या वर्षी त्या भागात धक्के जाणवले होते, तरी असा भूकंप तिथं होईल असं फारसं कुणी धरलं नव्हतं. ही चूक होती आणि तिची किंमत फार मोठी होती. 'विज्ञान चुकांतून शिकतं' असं हसत सांगण्याची ही जागा नव्हे.

पण नंतर काय झालं ते बघा. किल्लारीत खोल बोअर घेऊन लाव्हाच्या थरांखालचा खडक तपासला गेला. अशा 'शांत' भूभागातही जुन्या भेगा हजारो वर्षं गप्प राहून अचानक सरकू शकतात, हे जगभरच्या भूकंपशास्त्रात जास्त गांभीर्याने घेतलं जाऊ लागलं. २००२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने नकाशा बदलला. पहिलं क्षेत्र कायमचं रद्द झालं, म्हणजे देशात 'इथं भूकंपाचा विचारच नको' असा कोपराच उरला नाही, आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. कोयनेच्या १९६७ च्या भूकंपानंतरही नकाशा असाच बदलावा लागला होता. इमारतीचं डिझाइन करणारा इंजिनिअर असाच नकाशा बघून लोखंड किती घालायचं ते ठरवतो.

किल्लारीनंतर 'मी आधीच सांगितलं होतं' म्हणणाऱ्यांचीही कमी नव्हती. त्यांपैकी कुणाचा नकाशा बदलला? बदलायला नकाशाच नव्हता. त्यांचं म्हणणं आधी कुठं तारीख-वेळ-ठिकाण घालून लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते चुकूही शकत नव्हतं.

मग पुढचा भूकंप कधी, ते तरी सांगा.

नाही सांगता येत. कोणत्या भागात धोका किती, एवढंच सांगता येतं. तारीख सांगणारा भेटला तर त्याला ती लिहून, सही करून द्यायला सांगा.

सोलापुरात विमानं उडवून ढगांवर फवारणी केली होती ना? पाऊस तर धोंडी काढली तरी पडतो!

सोलापूरकर म्हणून हा माझा आवडता प्रश्न आहे.

ढगांतून कृत्रिम पाऊस पाडण्याची कल्पना १९४६ पासूनची. महाराष्ट्रात २००३ आणि २०१५ च्या दुष्काळांत सरकारने ते प्रयोग केले. प्रत्येक वेळी अडचण एकच. फवारणी केली, पाऊस पडला. पण तो ढग एरवीही बरसला नसता कशावरून? विमान उडवणारी माणसं साहजिकच काळेभोर, भरलेले ढग निवडतात. ते बहुधा पडणारच असतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरात मुक्काम ठोकला, कारण आपण पर्जन्यछायेत आहोत. रडार बसवलं, पर्जन्यमापकांचं जाळं पसरलं, दोन विमानं आणली. एक ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण सोडायला, दुसरं मोजमापाला. खरी मेख पुढे आहे. योग्य ढग सापडल्यावर त्यावर फवारणी करायची की तो तसाच सोडायचा, हे वैज्ञानिकांच्या मर्जीवर ठेवलेलं नव्हतं, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरत होतं. असे २७६ ढग तपासले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: फवारणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. सगळ्या ढगांना हे लागू होत नाही, आणि आभाळ कोरडं असेल तर काहीच होत नाही. म्हणजे दुष्काळावर हा उतारा नव्हे. वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांपुढे हा निष्कर्ष फिका वाटतो, पण मला त्याच फिकेपणाचा भरवसा वाटतो.

इस्रायलने तर कित्येक वर्षं ढगांवर फवारणी केली, सुरुवातीचे निकाल उत्साहाने जगभर सांगितले गेले. नंतर त्यांनीच २०१३ पासून पुन्हा काटेकोर प्रयोग केला, फरक नगण्य निघाला, आणि त्यांनी कार्यक्रम बंद केला. डोंगर वेगळे, ढग वेगळे, रसायन वेगळं, म्हणून आपला निकाल त्यामुळे आपोआप खोटा ठरत नाही. पण उद्या सोलापूरचाही आकडा दुरुस्त झाला तर मला नवल वाटणार नाही.

आता धोंडी. पाऊस लांबला की कडुलिंबाचे डहाळे बांधलेला पोरगा दारोदारी फिरतो, आयाबाया त्याच्यावर पाणी ओततात. मला तो प्रकार आवडतो. पण धोंडी निघते पाऊस ओढ देतो तेव्हा, आणि आपल्याकडचा मुख्य पाऊस सप्टेंबरातला. थोडं थांबलं तर तो बहुतेक वर्षी येतोच. धोंडी न काढलेल्या शेजारच्या गावात किती पडला, हे कुणी मोजलेलं ऐकलंय का?

आधी म्हणायचे झाडं लावा. आता नान्नजच्या माळावर झाडं लावू नका म्हणता. ठरवा की एकदा!

ठरलंय. झाडं लावायची, पण माळ सोडून.

सोलापूरजवळच्या नान्नजचं, माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य १९७९ चं. तेव्हा आणि नंतरही बराच काळ सरकारी कागदावर गवताळ माळ म्हणजे 'पडीक जमीन' आणि पडीक जमिनीचं भलं करायचं म्हणजे तिथं झाडं लावायची. माळढोक जमिनीवर उघड्यावर एकच अंडं घालतो, त्याला लांबवर मोकळं दिसावं लागतं, आणि झाड आलं की त्यावर अंडी-पिल्लं खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला जागा होते. गवताळ माळ ही बिघडलेल्या जंगलाची उरलेली जागा नसून ती स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे, हे पक्षी, काळवीट आणि लांडगे यांच्या अभ्यासातून हळूहळू स्पष्ट होत गेलं. हे शहाणपण उशिरा आलं. माळढोक आता नान्नजला दिसला तर बातमी होते. त्याला फक्त झाडं जबाबदार नाहीत. शिकार, विजेच्या तारा, ज्वारी-करडईच्या जागी आलेला ऊस, सगळंच आहे. तरी वृक्षदिंडी घेऊन माळाकडे निघालेल्या शाळांना मी अजून विनंती करतो की शहरात, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात लावा.

प्लुटोचं काय झालं?

तो होता तिथंच आहे. नेपच्यूनच्या पलीकडे त्याच्यासारखे आणखी गोळे सापडले, त्यामुळे २००६ मध्ये ग्रह कुणाला म्हणायचं याची व्याख्या करावी लागली. १८०१ मध्ये सापडलेला सेरेसही अनेक वर्षं ग्रह म्हणून गणला जात होता आणि नंतर काढला गेला. पत्रिकेत प्लुटो पूर्वीही नव्हता, त्यामुळे कुणाची साडेसाती हलली नाही.

कोरोनात तर रोज नवं सांगत होते. प्लाझ्मासाठी आम्ही रात्रभर फिरलो, नंतर म्हणे उपयोगच नाही!

हा राग खरा आहे. २०२० मध्ये बरं झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा द्यावा, ही कल्पना तर्काला धरून होती. आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली: काहींना प्लाझ्मा, काहींना नेहमीचे उपचार. मृत्यू किंवा आजार गंभीर होणं यांत फरक पडला नाही. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पण राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना. तुम्ही रात्रभर फिरलात ते बहुधा या मधल्या महिन्यांत.

माझ्या मते इथं दोष पुरावा बदलण्याचा नव्हता. पुरावा हातात असून निर्णय लांबला, हा दोष होता. बदलाला लोक घाबरतात म्हणून अधिकारीही घाबरतात, आणि मग जुनाच सल्ला चालू राहतो.

शास्त्रज्ञ काय कमी हट्टी असतात का?

अजिबात नाही. १९३५ मध्ये लंडनमध्ये चोवीस वर्षांच्या चंद्रशेखरने सांगितलं की ठरावीक वस्तुमानापेक्षा जड तारा शेवटी श्वेत बटू, म्हणजे जळण संपलेल्या ताऱ्याचा दाट गोळा, म्हणून स्थिर राहू शकत नाही. आर्थर एडिंग्टन हा तेव्हाचा सगळ्यात मोठा खगोलशास्त्रज्ञ. त्याने भर सभेत या मांडणीची टर उडवली. बाकीचे गप्प बसले. चंद्रशेखरांनी वाद सोडून दुसरा विषय घेतला, पण त्यांचं गणित टिकलं आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एडिंग्टनच्या मोठेपणाचं वजन काही वर्षं पुरलं. ताऱ्यांवर त्याचा काही परिणाम नव्हता.

पैसे देऊन निष्कर्ष बदलता येतात, हेही खरं ना?

खरं. आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे 'अजून नक्की नाही' असं म्हणत राहणं. १९५० मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या अभ्यासांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९५४ पासून अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी स्वतःच संशोधनाला पैसा पुरवत लोकांच्या मनात शंका जागी ठेवली. 'विज्ञानात काहीच अंतिम नसतं' हे वाक्य त्यांच्या फार कामाला आलं. विड्या वळून घर चालवणाऱ्या बायका आपल्या गावात हजारोंनी आहेत, त्यामुळे या विषयावर इथं बोलताना जीभ जड होते. पण धुराचा पुरावा त्यामुळे हलका होत नाही.

लशीमुळे मुलांना ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा लेखही असाच. त्यातला अप्रामाणिकपणा उघड झाला आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. बारा वर्षं लागली, पण तो मागे घेतल्याची नोंद कुणालाही वाचता येते.

तुम्ही धर्माच्या विरोधात आहात का? गड्ड्याला जात नाही का?

जातो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा बाराबंदी घातलेल्या गर्दीत मीही असतो. अक्षता सोहळ्याला जायला सिद्धांत लागत नाही.

वाद दुसऱ्या जागी आहे. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरनंतर. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकत्र येत होत्या. पृथ्वीचा आस सावकाश फिरतो, त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत दर ७२ वर्षांनी साधारण एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ ला येते. आणखी हजार-बाराशे वर्षांनी फेब्रुवारीत येईल.

हे कुणा नास्तिकाने शोधलेलं नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक या मंडळींनी पंचांग आकाशाशी जुळावं म्हणून आयुष्यातली वर्षं घातली. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. 'ग्रंथांत सगळं आधीच आहे' म्हणणाऱ्यांना मी आर्यभटाची आठवण देतो. त्याने इ.स. ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं लिहिलं, आणि ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने त्यावर कडक आक्षेप घेतले. दोघेही आपलेच, दोघेही ग्रंथकार. मग यातल्या कुणाचं 'आधीच' धरायचं?

मग कुणीही काही सांगितलं की मत बदलायचं?

नाही. कुणीही सांगितलं म्हणून नाही, काय दाखवलं त्यावरून.

शेतात बोअर घ्यायचाय. पाणाडी हातावर नारळ घेऊन येतो, त्याचे दहातले आठ पॉइंट लागतात. बोलवू की नको?

आठ लागतात हे कुणी मोजलं, हा पहिला प्रश्न. कोरडे गेलेले बोअर लोक सांगत नाहीत, लाजेने किंवा कर्जामुळे. दुसरं, आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. एखाद्या शिवारात डोळे मिटून दगड फेकला आणि तिथं बोअर घेतला तरी दहातले किती लागतील? तो आकडा सहा असेल तर आठचं कौतुक बरंच कमी होतं.

बोलवायचंच असेल तर दोन पाणाडी बोलवा, वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न कळवता. पहिल्याने दाखवलेल्या जागी खुंट ठोका, फोटो काढा, मग खुंट उपटून माती सारखी करा आणि दुसऱ्याला आणा. दोघांनाही किती फुटांवर आणि किती इंच पाणी लागेल ते आधी वहीत लिहायला सांगा. यंत्र लावून जमिनीचा विद्युतरोध मोजणारा भूजलतज्ज्ञ आला तर त्यालाही हीच वही पुढे करा. काळ्या पाषाणात त्याचंही चुकतं. तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे असतात, त्या बघून किती खोल जायचं याचा अंदाज आधीच घेता येतो.

दोघांचे खुंट एकाच जागी आले आणि वहीतले फूटही जुळले, तर मला जरूर कळवा. मी शेतावर येईन. फक्त वहीत तारीख घालायला विसरू नका, आणि दुसरा पाणाडी येईपर्यंत पहिल्याची जागा घरातल्या पोरांनासुद्धा सांगू नका.